दाराखालचा पुठ्ठा आणि कॅम्पसवरच्या आणखी काही चुका

काही वर्षं मी एका मोठ्या विद्यापीठाच्या वसतिगृहाची रेक्टर होते. रात्रीच्या फेरीला निघाले की माझं लक्ष आधी मागच्या दाराच्या फटीकडे जायचं. तिथे हमखास चार घड्या घातलेला पुठ्ठा सापडायचा. कुणाची तरी मैत्रीण बाहेर गेलेली असते, कार्ड खोलीतच राहिलेलं असतं, म्हणून दार लागू नये याची सोय. मी पुठ्ठा काढून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी नवा हजर. माझ्या टेबलाच्या खणात त्यांचा गठ्ठा झाला होता.

मोठ्या कॅम्पसवरची सुरक्षा फाटकावर फारशी ढिली पडत नाही. ती ढिली पडते आपल्या ओळखीच्या, रोजच्या जागी, आणि बहुतेकदा चांगुलपणापोटी.

१९८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत खून झाला. आपोआप कुलूप लागणारी दारं कुणीतरी अडकवून उघडी ठेवली होती, मारेकरी तिथून आत आला. तोही त्याच विद्यापीठात शिकत होता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० साली तिथे कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या विद्यापीठांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते. मुली मला म्हणायच्या, "मॅडम, इथे बाहेरचं कोण येतंय?" तेव्हा मी हीच घटना सांगायचे.

पुठ्ठ्याचंच दुसरं रूप म्हणजे मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणं. तोंडावर दार लावायला आपल्याला जड जातं, हे खरं आहे. पण "कुणाकडे आलात? तिला खाली बोलवा ना," एवढं विचारायला काही जात नाही. खरोखर कुणाला भेटायला आलेला माणूस लगेच फोन काढतो.

"दोन मिनिटं लक्ष ठेवाल?"

वाचनालयात शेजारच्या अनोळखी मुलाला हे सांगून लोक खुशाल चहाला जातात. तो पुस्तकात डोकं घालून बसलेला. कुणी येऊन लॅपटॉप उचलला, तर तो तुमचाच मित्र असेल असं त्याला वाटणार. लॅपटॉप बरोबर न्या. जागा गेली तर गेली. लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक (स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो) आजच लिहून ठेवा, कारण तक्रार नोंदवताना तेच विचारतात. एकीने तो इमानदारीत टिपून ठेवला होता, पण त्याच फोनमध्ये. फोन गेला, नंबरही गेला.

मी नेमकी कुठे आहे?

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकदा कंट्रोल रूममध्ये बसले असताना एका मुलीचा फोन आला. मैत्रीण चक्कर येऊन पडली होती.
"कुठे आहात, ताई?"
"लायब्ररीच्या मागे."
"कुठल्या लायब्ररीच्या?"
"मोठ्या."
कॅम्पसवर तीन लायब्रऱ्या होत्या आणि प्रत्येक विभागाच्या मुलांना आपलीच मोठी वाटायची. पोचायला जी मिनिटं लागली, त्यातली निम्मी या प्रश्नोत्तरांतच गेली.

इमारतींची मुलांच्या तोंडची नावं वेगळी, नकाशातली वेगळी. इमारतीच्या दर्शनी भागावर बहुधा क्रमांक असतो, काही ठिकाणी दिव्याच्या खांबांवरही असतो. आपल्या रोजच्या वाटेवरचे दोन-चार क्रमांक पाठ करा. फोनवरच्या नकाशावरच विसंबू नका. उंच इमारतींच्या मध्ये त्यातला ठिपका भलतीकडेच दिसतो.

कॅम्पसच्या सुरक्षा कक्षाचा नंबर फोनमध्ये असतो, पण तो कधी लावून पाहिलेला नसतो. दिवसाढवळ्या एकदा लावा, कुणी उचलतं का बघा. जीएसएम मोबाइलवर ११२ हा आकडा आपत्कालीन कॉल म्हणून ओळखला जातो, स्क्रीन लॉक असली तरी लावता येतो. मात्र बाहेरून रुग्णवाहिका बोलावली, तर सुरक्षा कक्षालाही कळवा आणि एका मित्राला फाटकावर उभं करा. नाहीतर गाडी आत येऊन गोल गोल फिरत बसते.

आगीचा भोंगा

तीनदा उगाच वाजला की चौथ्यांदा कुणी उठत नाही. उठा. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. गरम लागलं तर उघडू नका, फटीत ओला कपडा कोंबा आणि खिडकीतून हाक द्या. धूर असेल तर खाली वाकून चला, लिफ्टकडे जाऊ नका. जिन्याजवळचं जड दार धूर अडवण्यासाठीच असतं. त्याखाली पुठ्ठा असेल, तर जिना धुराड्यासारखा भरतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी दाराजवळ चार्जिंगला लावू नका. तिने पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद.

"कुणीतरी कळवलं असेल"

१९६८ साली डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरकॉमवर कुणाला तरी अपस्माराचा झटका (फिट) आल्याचा आवाज ऐकवला. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटलं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. म्हणून गर्दीत "कुणीतरी फोन करा" असं ओरडू नका. "निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही फोन लावा," असं बोट दाखवून सांगा.

घडून गेल्यावरच्या चुका

कुणी पाठलाग करतंय, घाणेरडे मेसेज येताहेत, तेव्हा रागाच्या भरात मुली आधी सगळं डिलीट करतात आणि ब्लॉक करतात. ब्लॉक जरूर करा, पण त्याआधी नंबर, तारीख, वेळ आणि प्रोफाइल दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा.

दुसरी चूक, परीक्षा संपल्यावर बघू म्हणत तक्रार लांबवणं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. साठवायची जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. काही ठिकाणी पंधरा दिवसांतही पुसलं जातं. तक्रारीचा निर्णय नंतर घ्या हवं तर, पण त्याच दिवशी अर्ज द्या: अमुक इमारत, अमुक कॅमेरा, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. तोंडी सांगून परत येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत खोलीत न ठेवता घरी पाठवा.