चिकन-मटण घेताना या चुका टाळा, नंतर तक्रारसुद्धा धड करता येत नाही

रविवारी सकाळी दुकानासमोर लाईन, आखाडात तर विचारूच नका, आणि त्या गर्दीत आपण "किलोभर द्या, बारीक पीस करा" एवढंच बोलतो आणि पिशवी घेऊन निघतो. मी पण वर्षानुवर्षं हेच केलं. मग एकदा घरी येऊन पिशवी उघडली तर चिकन चिकट झालेलं, आंबूस वास, परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला "ताई, हे आमचं कशावरून?" आणि माझ्याकडे बिलच नव्हतं.

म्हणून पहिली चूक हीच, बिल न घेणं. त्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) १४ आकडी नंबर असायला हवा, दुकानात पण लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन दिसेल असं लावलेलं हवं. नसेल तर सरळ विचारा, लाजायचं काय त्यात.

दुसरी, "कोंबडी समोर कापून दिली म्हणजे ताजी" ही समजूत. २०११ पासून लागू असलेल्या नियमांत किरकोळ मटण-चिकनच्या दुकानात प्राणी-पक्षी कापायलाच मनाई आहे, कारण पिसं, रक्त, विष्ठा सगळं त्याच जागी जिथे तुमचं मांस ठेवलंय. आणि त्या ओंडक्याकडे कधी नीट बघितलंय का? चिरा पडलेल्या असतात, त्यात कालचं मांस अडकलेलं, वर सत्तूर पुसायला दिवसभर एकच फडकं. खरं तर रोज काम संपलं की ओंडक्यावर भरपूर मीठ पसरून ठेवायचं असा नियमच आहे. चिरा, माश्या दिसल्या तर दुसरं दुकान बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला पण उशिरा कळलं. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून मालाची तपासणी करून घेऊ शकतं, पण ती करायचीय हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी येऊन ठरवलं तर उपयोग नाही. रिपोर्टमध्ये माल खराब निघाला तर फी परत मिळते. एवढं करायचं नसेल तर एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार करा, पण बिलाचा, मालाचा आणि दुकानाचा फोटो काढूनच, माल रागाने कचऱ्यात टाकू नका (मी टाकला होता, मग दाखवायला काहीच उरलं नाही).

घरच्या चुका पण आहेतच. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, त्यातून जंतू पसरतात. फ्रोझन असेल तर ओट्यावर नाही, रात्री फ्रिजमध्येच सुटू द्या, आणि कच्चं मांस नेहमी खालच्या कप्प्यात झाकून, नाहीतर पाणी गळून खालच्या भाजीवर जातं. वास आला तर हळद, लिंबू, व्हिनेगर लावून "चालून जाईल" म्हणू नका, वास झाकला जातो, माल खराबच राहतो. आमच्याकडे तेव्हा ते टाकून वरण-भातच झाला होता.