बायोस अपडेट करण्याआधी बोर्ड नीट ओळखा

हार्डवेअर दुरुस्तीत नवे असलेल्यांना बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट म्हटलं की मधेच वीज जाण्याची धास्ती असते. यूपीएस लावला की ती बरीचशी मिटते. खरा घोळ आधीच, मदरबोर्ड ओळखताना होतो.

खोक्यावर किंवा बिलावर विसंबू नका. जुन्या मशीनचा बोर्ड मधेच कुणीतरी बदललेला असतो. विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडा. ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर मॉडेल आणि ‘बायोस व्हर्जन/डेट’समोर सध्याची आवृत्ती दिसेल; दोन्हीचा फोटो काढून ठेवा. मशीन चालूच होत नसेल तर टॉर्च घेऊन बोर्डावरच पाहा. नाव बहुधा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटांच्या मधे किंवा प्रोसेसरच्या सॉकेटजवळ छापलेलं असतं. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात ‘रेव्ह’ (रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्ती) लिहिलेला आकडाही टिपा. बी४५०एम डीएस३एच आणि त्याचाच व्ही२ हे वेगळे बोर्ड आहेत, फाइलही वेगळी. डेल, एचपीसारख्या तयार मशीनला मात्र मशीनच्याच मॉडेलची फाइल लागते.

फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि तिच्यासोबतची टीप वाचा. कधी आधी मधली एखादी आवृत्ती टाकावी लागते, तर कधी नव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो सस्पेंड, म्हणजे तात्पुरता बंद करा, नाहीतर रीस्टार्टनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती ग्राहकाकडे क्वचितच असते. बायोसमध्ये साटा मोड (डिस्क कशा पद्धतीने चालवायची याची सेटिंग) एएचसीआय आहे की रेड, तेही पाहून ठेवा. अपडेटनंतर सेटिंग डिफॉल्टला जातात. मोड बदलला की विंडोज निळा स्क्रीन दाखवतं आणि नवखा माणूस सरळ फॉरमॅट मारतो. मोड पूर्ववत केला की झालं.

पेनड्राइव्ह फॅट३२ करा, झिप उघडून आतली फाइल त्यावर टाका. फ्लॅश (चिपवर नवी फाइल लिहिण्याचं काम) बायोसमधूनच करा: असूसला ईझी फ्लॅश, गिगाबाइटला क्यू-फ्लॅश, एमएसआयला एम-फ्लॅश. विंडोजमधलं अ‍ॅप टाळलेलं बरं. नंतर स्क्रीन काही मिनिटं काळा राहील, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होईल. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर रॅमचं ट्रेनिंग (सुरू होताना रॅमची जुळवणी) तर फारच रेंगाळतं. पॉवर बटणाला हात लावू नका.

फ्लॅश फसलाच, तर फ्लॅशबॅक बटण (बायोस न उघडता पेनड्राइव्हवरून फ्लॅश करणारं) असलेल्या बोर्डावर फाइलला कंपनीने ठरवलेलं नाव देऊन पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा. बटण नसेल तर चिप प्रोग्रामर (बायोसच्या चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लागतो. त्याआधी चिपवरचा नंबर वाचून ती ३.३ व्होल्टची आहे की १.८ची, हे तपासा.