थंडीत फुटलेल्या टाचांसाठी कोकम तेलाचं घरगुती मलम

दिवाळी सरली की नाशिकच्या थंडीत माझ्या टाचा फुटायला लागतात आणि तेवढ्यात कुडाळची आत्या जुन्या पेपरात गुंडाळलेले कोकम तेलाचे दोन गोळे धाडते. कोकमाच्या बियांचा गर कुटून पाण्यात उकळला की वर तरंगतं ते हे तेल. नाव तेल, पण असतं साबणाच्या वडीसारखं घट्ट, कारण ते वितळतं साधारण 38 ते 40 डिग्रीला. मुठीत दाबून वळतात म्हणून मुठेल. आजी गोळा चुलीपाशी धरून थेंब थेट भेगेत सोडायची, असा चटका बसायचा की पाय मागे ओढला जायचा! नुसता गोळा चोळला तर धड पसरत नाही, म्हणून मी त्याचं मलम करते.

माप (वजनी काट्यावर, चमच्याने नको): मधमाशांचं मेण 10 ग्रॅम, कोकम तेल 15 ग्रॅम, तिळाचं तेल 60 ग्रॅम. खोबरेल चालतं पण ते थंडीत थिजतं, मग मलम दगड होतो, तेव्हा मेण थोडं कमी घ्या. मेणबत्तीचं मेण मात्र नको, ते बहुतेक पॅराफिनचं असतं, वेगळा प्रकार.

पातेल्यात पाणी गरम करा, त्यात स्टीलची कोरडी वाटी ठेवा आणि वाटीत आधी मेण किसून टाका. मेण 62-64 डिग्रीला वितळतं त्यामुळे वेळ लागतो, घाई करून वाटी डायरेक्ट गॅसवर ठेवू नका, तेल-मेण तापून पेट घेऊ शकतं. मेण विरघळलं की कोकम तेल, मग तिळाचं. थंड तेल पडल्यावर मेणाच्या गुठळ्या होतात, घाबरू नका, दोन मिनिटं ढवळलं की परत एकजीव होतं.

आता टेस्ट. चमचाभर थंड बशीवर टाका, पाच मिनिटांनी बोट फिरवा. घट्ट वाटलं तर थोडं तेल, पातळ वाटलं तर चिमूटभर मेण. मग कोरड्या डबीत ओता आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं.

आणि पाणी हाच सगळ्यात मोठा शत्रू. पहिल्या वर्षी मी हौसेनं गुलाबजल घातलं, दहा दिवसांत वर हिरवट बुरशी, सगळी डबी फेकली. विकतच्या क्रीममध्ये पाणी असतं पण सोबत प्रिझर्व्हेटिव्ह पण असतं, आपल्याकडे ते नाही. लिंबू, कोरफड, दूध, काहीच घालू नका. डबीत ओलं बोट पण नको.

मलम स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवून धरतं. म्हणून पाय धुवून, नुसते टिपून, थोडे दमट असतानाच लावायचं आणि वर सुती मोजे. ओठांना, कोपरांना पण छान. चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील तर तिथे टाळा, आणि आधी कोपराच्या आत जरासं लावून एक दिवस बघा. भेगेतून रक्त येत असेल किंवा शुगर असेल तर मलमाच्या भरवशावर न राहता डॉक्टरला दाखवा.

वाटी गरम असतानाच पेपरने पुसून घ्या, तशीच सिंकमध्ये टाकली तर मेण पाइपात बसतं आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं.