कॅड मॉडेल बदलले तरी सिम्युलेशनची मांडणी कशी टिकवावी

मराठवाड्याच्या काळ्या, चिकट जमिनीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्राच्या फ्रेमचे कॅड मॉडेल, म्हणजे संगणकावरचा त्रिमितीय आराखडा, अंतिम होईपर्यंत अनेकदा बदलते. कधी चौकोनी पाइपाची जाडी वाढते, कधी एखादा फण दोन इंच मागे सरकतो, तर कधी वेल्डिंगवाल्याच्या सोयीसाठी कोपऱ्याला बळकटी देणारी नवी गसेट प्लेट बसवली जाते. फ्रेम भार सोसेल का, हे सिम्युलेशनने संगणकावर तपासतात. त्यासाठीचे आधार, भार, कॉन्टॅक्ट (भाग एकमेकांना टेकतात त्या जागा) आणि मेशचे (गणितासाठी केलेल्या बारीक तुकड्यांचे) आकार दर बदलानंतर नव्याने लावत बसल्यास अर्धा दिवस जातो. त्याहूनही घातक गोष्ट अशी की, काही अटी कोणतीही सूचना न देता भलत्याच फेसवर (मॉडेलच्या पृष्ठभागावर) जाऊन बसतात आणि उत्तर मात्र व्यवस्थित आल्यासारखे दिसते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमधल्या डिझाइन विभागांत नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांना उपयोग व्हावा, म्हणून पुढील पद्धत सविस्तर मांडत आहे.

आपण माउसने एखादा फेस निवडून त्यावर आधार लावतो, तेव्हा सॉफ्टवेअर त्या फेसचा अंतर्गत क्रमांक लक्षात ठेवते. ते पिन बसवायचे छिद्र आहे, हे त्याला कळत नाही. मूळ कॅड सॉफ्टवेअरशी थेट जोडणी असेल, तर हे क्रमांक बदलानंतरही बहुधा टिकतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्यासाठीची स्टेप फाइल मात्र दर वेळी नव्याने लिहिली जाते आणि तीत जुनेच क्रमांक राहतील याची हमी नसते. म्हणून शक्य तिथे थेट जोडणी वापरावी. ड्रॉइंग करणाऱ्या सहकाऱ्यालाही एक विनंती जरूर करावी: बदल करायचा असेल तर आहे तेच फीचर संपादित करावे, ते पुसून नव्याने काढू नये. पुसून पुन्हा काढलेले छिद्र डोळ्यांना तेच दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते नवे असते.

यानंतरचा टप्पा नावे देण्याचा. कोणताही भार किंवा आधार थेट फेसवर न लावता आधी त्या फेसचे नामांकित (नेम्ड) सिलेक्शन, म्हणजे नाव दिलेली निवड, करावी आणि अट त्या नावावर लावावी. नाव कामावरून द्यावे; ‘फेस सत्तावीस’ऐवजी ‘खालची डावी पिन’, ‘वरची लिंक’, ‘फण पाच टोक’ असे. ॲन्सिस वर्कबेंच या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये कॅडमध्येच दिलेली नावे सोबत आणता येतात. मात्र त्यासाठी आयातीच्या गुणधर्मांत नेम्ड सिलेक्शनचा पर्याय चालू असावा लागतो आणि नावाचा उपसर्ग तिथे नोंदवलेल्या उपसर्गाशी जुळावा लागतो.

स्टेप फाइलवरच काम करावे लागत असेल, आणि बाहेरून आलेल्या कामात ते नेहमीच करावे लागते, तर सिलेक्शन क्लिकने न करता नियमाने करावे. माझ्या मते या साऱ्या पद्धतीचा कणा हाच आहे. ट्रॅक्टरच्या कॅटेगरी एकच्या थ्री-पॉइंट लिंकेजमध्ये (अवजार तीन ठिकाणी जोडण्याच्या रचनेत) खालच्या पिना 22 मिमी व्यासाच्या आणि वरची 19 मिमीची असते. तेव्हा ‘या भागातील, सुमारे 11 मिमी त्रिज्येचे दंडगोलाकार फेस’ हा नियम फ्रेम कितीही बदलली तरी योग्य छिद्रे शोधून देतो. ॲन्सिसमध्ये नेम्ड सिलेक्शनच्या वर्कशीटमध्ये स्थान आणि आकाराचे असे निकष लिहिता येतात. कॉमसॉलमध्ये बॉक्स, बॉल आणि सिलिंडर सिलेक्शन आहेत, तर ॲबॅकसच्या पायथन स्क्रिप्टमध्ये फेस त्यावरील बिंदूच्या x, y, z स्थानावरून किंवा बाउंडिंग बॉक्सवरून (त्याला वेढणाऱ्या चौकटीवरून) शोधता येतो. बॉक्स फीचरपेक्षा थोडाच मोठा ठेवावा. कॉमसॉलमध्ये ‘बॉक्सला छेदणारे’ आणि ‘पूर्णपणे बॉक्सच्या आतले’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला निवडला, तर उद्या शेजारी बसवलेली गसेट प्लेटही नकळत सिलेक्शनमध्ये येऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी मी दुसराच वापरतो.

स्थानावर आधारलेला नियम मूळबिंदू स्थिर असेल तरच चालतो. खालच्या दोन पिनांच्या मधोमध मूळबिंदू ठेवायचा, एकक मिमी आणि अक्षांच्या दिशा अमुकच, हे कॅड आणि सिम्युलेशन अशा दोन्ही विभागांनी पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे. छोटी फिलेट (कडांची गोलाई) काढणे, बारीक छिद्रे बुजवणे ही साफसफाई हाताने केलेली असेल तर नवी फाइल घेताच ती पुसली जाते. म्हणून तिची स्क्रिप्ट ठेवावी किंवा ती इतिहास जपणाऱ्या साधनात करावी.

भाराची व्याख्या स्वतंत्रपणे तपासावी, कारण इथली चूक सिलेक्शन बरोबर असतानाही होते. समजा, नऊ फणांवर प्रत्येकी 600 न्यूटन, म्हणजे एकूण 5400 न्यूटन आडवे बल आहे. सॉलिडवर्क्स सिम्युलेशनमध्ये बल ‘प्रत्येक घटकावर’ किंवा ‘एकूण’ असे देता येते. पहिल्या पर्यायात एका फणाच्या टोकाचा फेस नव्या मॉडेलमध्ये दोन तुकड्यांत विभागला गेला आणि दोन्ही तुकडे सिलेक्शनमध्ये आले, तर त्या फणावर 1200 न्यूटन लागतात आणि एकूण बल 6000 होते. दाब दिला असेल तर क्षेत्रफळ बदलताच एकूण बल बदलते. म्हणून एकूण बल माहीत असेल तर ‘एकूण’ हाच पर्याय वापरावा, आणि दर फणासाठी वेगळे सिलेक्शन ठेवावे.

प्रत्यक्ष अद्ययावत करताना आधी प्रकल्पाची प्रत काढावी. मग नवी फाइल वेगळी आयात न करता जुन्याच आयातीच्या जागी बदलावी, आणि सोडवण्याआधी प्रत्येक सिलेक्शनमधील फेसची संख्या, त्यांचे एकूण क्षेत्रफळ आणि फ्रेमचे वस्तुमान जुन्या नोंदीशी ताडून पाहावे. आपोआप शोधलेले कॉन्टॅक्ट मात्र एकेक उघडून बघण्याला पर्याय नाही. माझ्याच एका कामात तिसऱ्या आवृत्तीनंतर ताण एकदम उतरला आणि आम्ही ते नव्या प्लेटचे श्रेय मानले. प्रत्यक्षात वरच्या लिंकचा आधार शेजारच्या मोठ्या फेसवर सरकला होता. फेसचे क्षेत्रफळ नोंदवलेले असते, तर ते एका मिनिटात दिसले असते. सोडवल्यानंतर आधारांवरील आडव्या प्रतिक्रियांची बेरीज 5400 न्यूटन येते का, हे पाहावे आणि त्यानंतरच ताणाची रंगीत आकृती उघडावी.