पायाजवळचा खडक आणि दूरचा सी लिंक, दोन्ही शार्प

वांद्रे किल्ल्याखालच्या खडकांवरून सी लिंकचा फोटो काढताना मी बरेच दिवस एकच चूक करत होतो: फोकस थेट पुलाच्या खांबावर. पूल छान यायचा, पण पुढचा शेवाळलेला खडक पिठूळ. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सला शिव्या देऊन झाल्या. दोष तिचा नव्हता.

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटी लागल्यावरच उतरा, खडक भयंकर निसरडे असतात.

मग फोकल लेंग्थ, म्हणजे झूम किती मिलिमीटरवर ठेवायचा ते. १८ला खडक अंगावर येतो, पण पुलाचे खांब काडेपेटीतल्या काड्यांएवढे होतात. ५५ला खांब भरदार दिसतात, पण पायाजवळचं काही फ्रेममध्ये मावत नाही. दोन्ही हवं असेल तर २४च्या आसपास थांबा आणि झूम फिरवण्याऐवजी स्वतः पुढेमागे सरका.

अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ ८ किंवा एफ ११ ठेवा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. ‘सगळं शार्प हवं म्हणून एफ २२’ हा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही: इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ पडतो.

खरी गंमत फोकसमध्ये आहे. फ्रेममधली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे ते बघा आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करा. खडक एक मीटरवर असेल तर दोन मीटरवरचा एखादा दगड पकडा. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, किट लेन्सवाल्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) १८ मिमी आणि एफ ८ असताना दोन मीटरवर फोकस केला, की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. २४ला तेवढ्यासाठी एफ १४ लागेल. ते नको असेल तर दीड मीटरवरचा खडक निवडा, एफ ११ आणि तीन मीटरवर फोकस. ५५ला एफ ८वर फोकसचं हेच अंतर १९ मीटरवर जातं, म्हणून तिथे जवळच्या खडकाचा नाद सोडा आणि खुशाल पुलावर फोकस करा.

फोकस लागला की लेन्स मॅन्युअलवर टाका, झूमला हात लावू नका. संध्याकाळी शटर जास्त वेळ उघडा राहतो, तेव्हा ट्रायपॉड हवाच.

फोटो स्क्रीनवर मोठा करून बघा. खडक मऊ असेल तर फोकस जरा जवळ आणा, पुलाच्या केबल मऊ असतील तर जरा लांब न्या. दोन्ही मऊ असतील तर आधी लेन्स पुसा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर धुरकट थर धरलेला असतो.