भुकेल्या मुलाची जाहिरात आली, तर पैसे देण्याआधी

क्यूआर कोड स्कॅन करा, पण पिन टाकू नका. आधी खातेदाराचे नाव वाचा. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर तिथूनच परत फिरा.

मग नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासा. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक ही फक्त नोंद आहे, सचोटीचा दाखला नव्हे, बरेच जण इथेच फसतात. देणगीवर करसवलत (८०जी) असेल तर नुसत्या पावतीवर समाधान मानू नका, देणगीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, मागा. रोख २,००० रुपयांच्या वर दिल्यास वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती नाहीच.

‘इतक्या रुपयांत वर्षभर जेवण’ हा हिशेब नीट बघा. पीएम पोषण या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत धान्य सरकार देते. त्यामुळे संस्थेचा आकडा खोटा नसला, तरी अर्धवट असू शकतो.

खरे काम ओळखायला एक प्रश्न पुरतो: हाताच्या दंडाचा घेर किती मुलांचा मोजला? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. उत्तराऐवजी पुन्हा फोटोच आला, तर पैसे खिशातच ठेवा, आणि जवळच्या अंगणवाडीत जाऊन काय कमी पडते ते सेविकाताईंना विचारा.