थंडीत मोटारसायकल चालवताना कपड्यांच्या या चुका टाळा

दिवाळी सरली की ओळखीतली तरुण मुले मला एकच प्रश्न विचारू लागतात: थंडीसाठी कोणते जॅकेट घेऊ? त्यांना बहुधा एखाद्या कंपनीचे नाव हवे असते आणि ते मिळाले की विषय संपतो. गेली बावीस वर्षे पुणे–नाशिक रस्त्यावर मी हिवाळ्यातल्या पहाटे गाडी चालवत आलो आहे, आणि नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या टपरीवर हुडहुडी भरलेली, बोटे बधिर झालेली मुले दरवर्षी पाहतो. त्यांच्या अंगावर कपडे कमी नसतात. चुकीच्या क्रमाने घेतलेले आणि चुकीच्या क्रमाने घातलेले कपडे असतात.

स्वेटरवर स्वेटर चढवणे

ही पहिली चूक आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठी आहे. स्वेटरची ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या विणीत अडकलेल्या स्थिर हवेत असते. घरात, अंगणात, शेकोटीशेजारी ती हवा जागेवर राहते, म्हणून स्वेटर उबदार वाटतो. गाडीवर बसून ताशी ६० किलोमीटरचा वेग धरला की समोरचा वारा विणीतून आरपार जातो आणि शरीराने तापवलेली हवा क्षणोक्षणी बाहेर ढकलतो. वर दुसरा स्वेटर घातला तरी भोके तीच राहतात, फक्त दुप्पट होतात.

वाऱ्याने किती फरक पडतो याचा अंदाज असावा. २००१ साली अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचे नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्रानुसार हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या चेहऱ्याला सुमारे ५ अंशांसारखा लागतो, आणि तापमान ५ अंश असेल तर तोच वारा उणे २ अंशांसारखा लागतो. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात किंवा सिन्नरच्या माळावर जानेवारीच्या पहाटे पारा ५–६ अंशांपर्यंत उतरणे नवीन नाही. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही पहाटेच्या दुचाकीस्वाराला गोठणबिंदूखालचा गारठा सोसावा लागतो, आणि तो केवळ गाडीच्या वेगामुळे निर्माण झालेला असतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझा भाचा आणि मी दोन गाड्यांवर नाशिकला लग्नासाठी निघालो. भोसरीहून पहाटे साडेचारला निघायचे ठरले होते. त्याच्या अंगात सुती टी-शर्ट, त्यावर आईने विणलेला जाड स्वेटर, त्यावर विकतचा दुसरा स्वेटर आणि हातात लोकरीचे मोजे होते. वरून रेनकोटचे जॅकेट चढव, असे मी त्याला म्हणालो. “मामा, पाऊस कुठे आहे? लोक काय म्हणतील?” एवढे बोलून त्याने गाडी चालू केली, आणि मी आग्रह धरला नाही याची खंत मला अजून वाटते. मंचर ओलांडल्यावर उसाने भरलेल्या एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही होतो. ट्रॅक्टर मंदावला, मी वेग कमी केला, आणि आरशात पाहिले तर भाच्याची गाडी तशीच पुढे येत होती. शेवटच्या क्षणी त्याने ती रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवली आणि कशीबशी थांबवली. ब्रेकच्या दांडीवर बोटे ठेवली आहेत की नाही हे त्याला समजतच नव्हते. नारायणगावच्या टपरीवर पोहोचलो तेव्हा त्याच्या हेल्मेटचा पट्टाही मला सोडवून द्यावा लागला.

त्या टपरीवर आम्ही केलेला उपाय फुकटचा होता. टपरीवाल्याकडून आदल्या दिवशीची वर्तमानपत्रे मागून घेतली, चार-चार पाने दुमडून आतल्या स्वेटरखाली छातीवर आणि पोटावर बसवली, आणि सगळ्यांच्या वर माझ्या पिशवीतले जुने रेनकोटचे जॅकेट चढवले. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवणारे लोक हा उपाय पूर्वीपासून करत आले आहेत. स्वेटर तेच होते, थंडी तीच होती, चंदनापुरीच्या घाटात तर ती थोडी वाढलीच होती, तरीही सिन्नरपर्यंत भाच्याला पुन्हा हुडहुडी भरली नाही. फरक एवढाच की आता वारा अडला होता आणि स्वेटरला आपले काम करता येत होते.

म्हणून माझा खरेदीचा क्रम ठरलेला आहे: आधी वारा अडवणारा बाहेरचा थर, मग हातमोजे, मग अंगालगतचा थर, आणि सर्वांत शेवटी स्वेटर, कारण तो प्रत्येकाच्या घरी आधीपासून असतो. दुकानात कापड तपासण्याची माझी पद्धत सोपी आहे. कापड तोंडाला घट्ट लावून जोराने फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. तळहाताला हवा लागली तर ते कापड कितीही जाड असले तरी गाडीसाठी निरुपयोगी आहे. याच परीक्षेत अनेक महागडी जॅकेटे नापास होतात.

जाळीच्या जॅकेटचे आतले अस्तर

आपल्याकडे बहुतेक चालक उन्हाळ्याचा विचार करून जाळीचे सुरक्षा जॅकेट घेतात आणि ते योग्यच आहे. त्यासोबत बहुधा दोन सुटी अस्तरे मिळतात, एक उबेचे आणि एक पावसाचे. थंडी पडली की लोक उबेचे अस्तर लावतात, पावसाचे कपाटात ठेवतात, आणि मग जॅकेट निकृष्ट निघाल्याची तक्रार करतात. जाळीतून येणारा वारा उबेच्या अस्तराची अवस्था स्वेटरसारखीच करतो. पावसाचे अस्तर हेच खरे वारा अडवणारे अस्तर आहे आणि थंडीत ते लावलेच पाहिजे. त्याहून उत्तम म्हणजे जाळीच्या जॅकेटवरून एक सैल, पातळ विंडचीटर घालावे, म्हणजे जाळीतली आणि अस्तरातली सगळी हवा स्थिर राहते. मात्र ते फडफडणारे नसावे आणि त्यामुळे जॅकेटवरच्या परावर्तक पट्ट्या झाकल्या जाऊ नयेत.

फुगीर जॅकेट ही आणखी एक अडचण आहे. ते वारा बऱ्यापैकी अडवते, पण घसरून पडल्यास त्याचे पातळ नायलॉन डांबरावर क्षणात फाटते, आणि तापलेल्या सायलेन्सरला लागले तर वितळते. ते घालायचेच असेल तर सुरक्षा जॅकेटच्या आत घालावे.

बोटे गारठतात म्हणून फक्त बोटांवर उपाय करणे

ज्या चुकीविषयी मला वारंवार बोलावे लागते ती ही. बोटे बधिर झाली की माणूस अधिक जाड हातमोजे शोधतो, आणि तेही पुरले नाहीत तर एकावर एक दोन जोड चढवतो. शरीराचे काम असे चालत नाही. छाती आणि पोट थंड पडू लागले की शरीर आतल्या महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, बोटांकडे जाणारे गरम रक्त कमी होते, आणि मग हातमोज्याच्या आत राखण्याजोगी ऊबच उरत नाही. त्यावर दोन जोड ठासून बसवले तर उरलेला रक्तप्रवाहही दाबला जातो. छातीवरचा वारा अडवल्याबरोबर, हातमोजे न बदलताही, बोटांत जीव आल्याचे मी स्वतः कितीतरी वेळा अनुभवले आहे.

हातमोजा घेताना तो किती जाड आहे हे पाहू नये. त्यात बोटे हलवता येतात का, हे पाहावे. मी दुकानात हातमोजे घालून दहा मिनिटे तसाच थांबतो, मूठ वळतो, दारात उभ्या असलेल्या गाडीचा क्लच दाबतो, इंडिकेटरचे बटण अंगठ्याने न पाहता सापडते का हे तपासतो. दुकानदाराला हे आवडत नाही, पण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक शोधण्यात गेलेला अर्धा सेकंद हा जीवन-मरणाचा प्रश्न असू शकतो. मनगट झाकून बाहीवर चढणारा लांब कफ असावा, कारण वारा बाहीतूनच कोपरापर्यंत शिरतो. वेष्टनावर ‘उणे १०’ असा आकडा छापलेला असतो, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. चालत्या गाडीवरचा वारा त्यात गृहीत धरला आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही. अडीअडचणीला औषधांच्या दुकानात मिळणारे पातळ रबरी हातमोजे आत घातले तर वारा अडतो, पण तासाभरात हात घामाने भिजतात, म्हणून तो उपाय जवळच्या अंतरापुरताच ठेवावा.

थांबल्यावर सायलेन्सरला हातमोजे टेकवून शेकण्याची सवय सोडावी. कृत्रिम कापड वितळून हाताला चिकटते. इंजिनाजवळ हात नुसता धरला तरी पुरेशी धग मिळते.

सुती बनियन

उन्हात सुतासारखे वस्त्र नाही. थंडीत मात्र तेच घात करते. घाटात, वाहतुकीत, गाडी ढकलताना घाम येतो, सूत तो शोषून घेते आणि ओले राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओल्या बनियनवर वारा लागला की पाठ बर्फासारखी होते. अंगालगत पॉलिस्टरचे थर्मल किंवा बारीक लोकरीचे कापड असावे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. थर्मल महाग वाटले तर खेळाडू घालतात तो घट्ट, घाम सुकवणारा टी-शर्ट चालतो.

लेह-लडाखला जाणाऱ्या आपल्या मुलांना ही चूक फार भोवते. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ही खिंड साधारण ५,३५० मीटरवर, म्हणजे लेहच्या बाजारात २० अंशांचे सुखद ऊन असताना खिंडीत पारा ८ अंशांच्या आसपास असू शकतो, आणि बारालाचा ला किंवा तांगलांग ला या खिंडींत जुलैतही बर्फाचा भुरभुराट होतो. एकाच दिवशी घाम आणि बर्फ दोन्ही भोगायचे असतात. तिथे एकच अवजड जॅकेट कामाचे नाही. काढता-घालता येणारे तीन पातळ थर हवेत. निघण्याच्या आदल्या रात्री सगळी खरेदी एकदम उरकणाऱ्यांना मी नेहमी विरोध करतो, कारण न वापरलेला कपडा कुठे काचतो हे मनालीच्या पुढे गेल्यावर कळून काही उपयोग नसतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मफलरचे किंवा शालीचे टोक कधीही मोकळे सोडू नये, चाकात किंवा साखळीत अडकले तर मान वाचत नाही. गळ्यासाठी नळीसारखा शिवलेला पट्टा घ्यावा. जाड माकडटोपी हेल्मेटच्या आत घालू नये, तिने हेल्मेट नीट बसत नाही. पातळ बालाक्लावा, म्हणजे डोके आणि चेहरा झाकणारी अंगाबरोबर बसणारी टोपी, पुरतो. तंग बुटात दोन मोजे घालू नयेत. जीन्समधून वारा सरळ गुडघ्यावर लागतो, म्हणून वरून रेनकोटची पँट चढवावी. हुडहुडी भरल्यावर ऊब यावी म्हणून मद्य घेणे सर्वथा चूक आहे, त्याने त्वचेकडे रक्त धावते आणि शरीर अधिकच गार पडते. हुडहुडी भरू लागली तर पुढचे गाव जवळ आहे असे म्हणत पुढे जाऊ नये, तिथेच थांबावे.

नवे कपडे घेतल्यावर मी पहाटे पाच वाजता घरापासून चाळीस मिनिटांची फेरी मारतो. पहिली गार रेघ कुठे जाणवते तिकडे लक्ष ठेवतो: हनुवटीखाली, मनगटाशी, की वाकल्यावर उघड्या पडणाऱ्या कमरेशी. घरी येऊन फक्त तेवढीच जागा बंद करतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा नवे जॅकेट लागत नाही, शिंप्याकडून शिवून घेतलेला हातभर इलॅस्टिकचा पट्टा पुरतो.